सुभेदाराने न फाडलेलं खेळणं

अण्णा,

सोमवारी मला कंपनीत एका अहवालावर सही करायची आहे. त्यात तुमचा उल्लेख आहे. तुम्हाला न सांगता तो करणं बरं वाटेना, म्हणून लिहिते आहे. तुम्ही असताना मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. फोन करायचे, तोही कामापुरता.

तुमचं सगळं कार्य उरकून मी साताऱ्याला परतले आणि त्याच आठवड्यात तक्रार आली. कोयनानगरच्या वसाहतीतल्या एका बाईंच्या कुत्र्याने आमच्या खेळण्याचा तुकडा तोडून गिळला होता. तो आतड्यात अडकला. कराडला नेऊन, पोट उघडून काढावा लागला. कुत्रा वाचला, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्ही नीट ऐकणार नाही. खेळणं कुठलं ते ओळखलंत ना? लाल रबराचं, दोन्ही टोकांना गोळा असलेलं. तुम्ही पास केलेलं.

मी त्या बाईंना भेटायला गेले. त्यांचा लॅब्रेडॉर व्हरांड्यात गोणपाटावर पडला होता. पोटावरचे केस भादरलेले, टाके दिसत होते. मला बघून त्याने शेपटी हलवली. बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "पाकिटावर लिहिलंय, जोरात चावणाऱ्या कुत्र्यांसाठी. खरंच कुठल्या कुत्र्याला देऊन बघितलं होतं, का नुसतंच छापलं?"

"बघितलं होतं," मी म्हणाले.

"मग त्याला दात नव्हते काय?"

आपल्या सुभेदाराला दात नाहीत, असं मला कसं म्हणता येईल?

त्याचं हे नाव तुम्ही ठेवलंत तेव्हा मला आवडलं नव्हतं. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने कुत्र्याला सुभेदार म्हणावं, हा मला पोरकटपणा वाटायचा. "आयुष्यभर सुभेदारसाहेबांचं ऐकलं, आता एक सुभेदार माझं ऐकंल," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात, आणि तो तिथेच पायाशी बसून तुमची चप्पल खायचा. उसातल्या ठिबकच्या नळ्या, सायकलचं सीट, आईची प्लास्टिकची घागर. त्याने काय म्हणून ठेवलं होतं? आमच्या कंपनीने गाड्यांच्या रबरी भागांच्या जोडीला कुत्र्यांची खेळणी करायची ठरवली, तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला.

कंपनीत दाब देणारं यंत्र आहे. त्याला पोलादी दात बसवून मी खेळणी तपासत होते. पण यंत्र नुसतं वरून खाली दाबतं. कुत्रा दाढेत धरतो, पंजाखाली दाबतो, मान फिरवून पिळतो आणि ओढतो. रबर दाबाने सहसा जात नाही. कुठेतरी बारीक चीर पडते आणि ओढलं की ती पळत जाते. हे मी तुम्हाला समजावलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हंजे आमच्या सुभेदाराला नोकरी लागली म्हण की."

पहिला नमुना त्याने एका बैठकीत फाडला. तुमचा फोन आला. आवाज असा होता की मला वाटलं, भावकीत कुणी गेलं.

"बाळ, फाडलं गं त्यानं."

"बरं," मी म्हणाले. "म्हणजे परत सगळं पहिल्यापासून." आणि फोन ठेवला.

मी फक्त दमलेली होते, अण्णा. नमुना फाटणं ही माझ्या कामात वाईट बातमी नसते. तो फाटायलाच दिलेला असतो, कुठे फाटला ते कळावं म्हणून. एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायला मला काय झालं होतं?

रबराचं मिश्रण बदलून मी दुसरा नमुना दिला. तो फाटला नाही. "अजून हाय तसाच. वरवर वळ उठल्यात नुसते," तुम्ही संध्याकाळी सांगायचात. फोटो पाठवायचात. प्रत्येक फोटोत खेळण्याशेजारी काडेपेटी ठेवलेली असायची, मापासाठी, मी सांगितली होती तशी. "चावतो ना नीट?" मी विचारायचे. "लय चावतो." मग तुम्ही आणखी काही बोलायच्या बेतात असायचात आणि मी "ठीक आहे, ठेवते" म्हणायचे.

सातारा ते आपलं माधवनगर हे काही परदेशचं अंतर नाही. तरी तो चावत असताना मी एकदाही समोर येऊन बसले नाही. नमुना घेऊन गेले, पास लिहिलं, माल बाजारात गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमचं हृदय थांबलं.

तक्रारीनंतर मी त्याच मालातलं एक खेळणं घेऊन घरी आले. आईला म्हटलं, तू काही बोलू नकोस, मला नुसतं बघायचंय. अंगणात सुभेदारापुढे ते टाकलं. त्याने उचललं, दोन पंजांत धरलं आणि चाटल्यासारखं चघळत बसला. डोळे अर्धे मिटलेले. मी त्याची दाढ बघत होते. दाढ टेकत होती, पण दाब पडत नव्हता. वय झालं असेल, असं मी मनात लिहूनही टाकलं आणि चहाला आत गेले. बाहेर आले तर माझ्या नव्या सँडलची टाच वेगळी झाली होती. शेजारी लाल खेळणं, ओरखडाही नाही.

कुंपणापलीकडे सलीमचाचा हसत होते. दिवसभर लोकांचे यंत्रमाग दुरुस्त करून संध्याकाळी तुमच्या बाकावर येऊन बसायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. बाकावर आता एकटेच बसतात.

"पोरी, त्याला सँडल दे, खाट दे, माझा पायजमा दे," ते म्हणाले. "त्यो ती लाल वस्तू न्हाई फाडायचा."

"का?"

"का म्हंजे? हवालदारसाबांनी ट्रेनिंग दिलंय की त्याला."

आई दारात आली होती. "चाचा, ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. म्हणजे आईलाही माहीत होतं.

मग चाचांना सांगावंच लागलं. पहिला नमुना फाटला त्या संध्याकाळी तुम्ही त्यांना म्हणालात, "पोरीचा पेपर हाय गड्या, आन् ह्यो येडा तिला नापास करतोय." दुसरा नमुना आल्यावर तुम्ही सुभेदाराला शिकवायला बसलात. खेळणं त्याच्या तोंडात द्यायचं आणि त्याच्याबरोबर स्वतःचं बोटही. "हळू. ताईचं हाय." जोर वाढला की खेळणं काढून घ्यायचं, हळू धरलं की भाकरीचा तुकडा. रोज.

"मी म्हटलं, आवं हवालदारसाब, बोट जाईल एखाद्या दिवशी," चाचा सांगत होते. "तर मला म्हणतात, बोट हाय म्हणून तर कळतंय, किती जोर लावतोय त्ये."

माझ्या मनात आधी काय आलं ते सांगते. राग आला. मी आत जाऊन आईला म्हणाले, "अण्णांनी सगळी चाचणी खोटी केली."

आई भांडी आवरत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "खोटी कशानं? तुला पास व्हायचं हुतं न्हवं?"

"मी तसं कधी सांगितलं नव्हतं."

"मग कसं सांगितलं हुतंस?"

मी कसंच सांगितलं नव्हतं.

आणि मग तुमचं बोट आठवलं. नमुना न्यायला आले होते, तेव्हा तुमच्या उजव्या हाताच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. "विळा लागला," तुम्ही म्हणालात. ऊस कारखान्याला जाऊन तेव्हा रान मोकळं पडलेलं होतं. विळा कशाला लागेल, हे मला सुचलं नाही. "धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या," म्हणाले आणि खेळणं पिशवीत टाकलं. रबराची कड बघून मी सांगू शकते की हे कापलंय, फाटलंय की चावलंय. त्याचाच मला पगार मिळतो. तुमचं बोट मात्र मी हातात घेऊन बघितलं नाही. घेतलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. चाचणीचं कळलं असतं, आणि तुम्ही काय करत होतात तेही.

सुभेदार या कामाचा उरलेला नाही, म्हणून मी शिराळ्याला मावशीच्या मळ्यावर गेले. तिथला कुत्रा मला ओळखत नाही. त्याच्यासमोर मी स्वतः बसले. मावशीचा चहा उकळायच्या आत गोळ्याला चीर गेली आणि पाठोपाठ तुकडा सुटला. त्याने गिळायच्या आधी मी तो ओढून काढला. कोयनानगरच्या कुत्र्याच्या पोटातून निघाला होता, साधारण तेवढाच.

आमच्या गोदामात बाकीचा माल खोक्यांत भरून तयार आहे. साहेब म्हणतात, एका तक्रारीवरून कुणी माल अडवतं का? चाचणी पास झाल्याचा अहवाल आहे ना तुझा? त्यावर पुन्हा सही कर, गाडी जाऊ दे.

अहवाल आहे. त्यातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खाते. निरीक्षकाच्या जागी मी लिहिलं होतं, 'स्थानिक निरीक्षक, सांगली'. 'माझे वडील' असं लिहायला मला लाज वाटली. बैठकीत कुणी हसेल, असं वाटलं. बाकावर बसलेले वडील, सुभेदार नावाचा कुत्रा, काडेपेटी, हे काही मला त्या टेबलावर नको होतं. पण अण्णा, तसं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, की बाप मुलीचा नमुना नापास करेल का? माझ्याशिवाय कुणालाही हा प्रश्न सुचला असता. मी तुम्हाला लपवलं आणि तुमच्याआड माझी चूकही लपली. तिची किंमत त्या लॅब्रेडॉरने मोजली.

तुमच्यावरही माझा थोडा राग आहेच. एकदा विचारायचं होतंत. "फाटलं तर तुझं वाईट होतं का गं?" एवढंच. पण तुम्ही विचारेपर्यंत मी फोनवर थांबले असते का? म्हणून तो राग फार वेळ टिकत नाही.

सोमवारचा अहवाल मी लिहून ठेवला आहे. आधीची चाचणी रद्द. निरीक्षक माझे वडील होते आणि मी स्वतः एकदाही हजर नव्हते, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तुमचं नाव पूर्ण लिहिलं आहे, हुद्द्यासकट. कुत्र्याला तुम्ही काय शिकवलंत तेही लिहिलं आहे, कारण ते घडलं. चूक कुणाची, या प्रश्नापुढे मात्र तुमचं नाव नाही, माझं आहे. साहेब काय करतील ते मला माहीत नाही. नोकरी राहील असं मी धरून चाललेली नाही. पण माझ्या सहीशिवाय माल हलत नाही आणि ती सही मी देणार नाही. विकली गेलेली खेळणी परत मागवावी लागतील, हेही मीच बोलणार आहे.

आणि तुम्हाला शब्द देते. सुभेदाराला मी पुन्हा जोरात चावायला शिकवणार नाही. कदाचित जमेलही, पण तुम्ही लावलेली ती सवय त्याच्याजवळ राहू दे. नव्या नमुन्यांना दुसरे कुत्रे शोधेन, इथे किंवा जिथे काम मिळेल तिथे, आणि प्रत्येकासमोर स्वतः बसेन. नमुना फाटला की त्या संध्याकाळी आईला फोन करून सांगेन. ती "अरं देवा" म्हणेल. मग तिला सावकाश समजावेन, की तो फाटायलाच दिला होता. त्यानंतर ती जे काय बोलेल, ते सगळं ऐकून घेईन.

तुमची,
अश्विनी