बाबांचा कावळा आणि हत्तीची चड्डी

४ जानेवारी
आजपासून नवं पुस्तक. ‘हत्तीची चड्डी’. मुलं हसून हसून लोळणार. संपादक विनिताताईंना फोनवर सांगितलं, महिनाअखेर चित्रांसकट देतो. त्या म्हणाल्या, मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात. मागच्या वेळची गोष्ट वेगळी होती.

५ जानेवारी, दुपार
खिडकीच्या ग्रिलवर कावळा. हाकलला. परत आला.
बाबांच्या दहाव्याशी याचा काहीही संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्या दिवशी खाडीवर कावळा पिंडाला शिवेना. काका म्हणाले, वहिनीला सांभाळू. नाही शिवला. मोरवा गावातली जागा विकणार नाही. तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिठागरात जन्म गेलेल्या बाबांना माझी चित्रं म्हणजे रिकामटेकडे धंदे वाटायचे. शेवटी हात जोडले. म्हटलं, बाबा, चित्रं सोडतो, काकांच्या प्रणयदादाच्या इस्टेट एजन्सीत लागतो. कावळा झडपच घालून आला.
भुकेला असणार.

९ जानेवारी
हत्ती फर्स्टक्लास जमला. फक्त डोळे बाबांचे आलेत. यालाच स्टाइल म्हणतात. हत्तीला गॉगल घातला.

१४ जानेवारी
संक्रांत. सणाच्या दिवशी काम करू नये. कावळ्याला तिळगूळ दिला नाही, उगाच लाच दिल्यासारखं दिसतं.

२१ जानेवारी
पेन्सिल उचलली की काव. ठेवली की गप्प. योगायोग. उद्यापासून बेडरूममध्ये बसणार.

२२ जानेवारी
बेडरूमलाही खिडकी आहे.

२९ जानेवारी
विनिताताईंना पानं पाठवली. त्यांनी विचारलं, हत्ती एवढा उदास का? प्रत्येक पानावर कोपऱ्यात कावळा का? आणि चड्डी कुठेय? सांगितलं, आजचा विनोद सूक्ष्म असतो. फोन कट झाला. नेटवर्क असेल.
भीती वाटतेय. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडून कोणाचं भलं झालंय?

२ फेब्रुवारी
ठरलं. बाबांपुढे कोणाचं चाललंय? मराठी बालसाहित्याचं नुकसान होईल, पण शब्द म्हणजे शब्द. पेन्सिली डब्यात भरल्या. आईला सांगितलं, उद्यापासून प्रणयदादाकडे जातोय, कावळ्यासमोर बोललो होतो.
आई जवळा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, कावला तुज्या बोलन्यावर न्हाय आला. तू हात जोडलेस, तवाच मी मनात बोलले, पोराला चित्रं काडू द्या, मी हाय त्याच्यापाठी. तवा शिवला.
मी तिथेच बसलो. तिने जवळ्याची अर्धी परात माझ्यापुढे सरकवली.

३ फेब्रुवारी
पेन्सिली परत काढल्या. सकाळपासून टेबलाशी बसलोय. कावळा नाही. दुपारी मुद्दाम खिडकी उघडी ठेवली, तरी नाही. बाबांची फार आठवण येतेय.
आता अडवणारं कोणी नाही. हत्तीचा गॉगल खोडला, त्याला चड्डी घातली, लाल रंगवली. कितीतरी वेळ बघत बसलो. हसू येत नाही.