देवराईत राहिलेली काठी

लोणावळा,
७ मे १९३४

अब्बाजान यांना खुर्शीदाचा सलाम.

आम्ही सगळे खुशाल आहोत. आधी रागावणार नाही म्हणा, मगच पुढे वाचा. तुम्ही तासून दिलेली बाभळीची काठी आता माझ्याजवळ नाही.

काल करवंदं विकणारी सारजाबाई म्हणाली, "चल माझ्यासंगं देवराईत. सावलीसावलीनं जाऊ, पोरगीबी चालंल." वाट खरंच सोपी होती, वर जांभळीची गर्द सावली. तुमची नात हसिना करवंदांनी तोंड माखून पुढे पळत होती. देवीच्या दगडापाशी बसताना मी काठी खाली ठेवली.

उठताना ती उचलायला गेले, तर सारजाबाईनं हात धरला. "ऱ्हाऊ दे. देवीच्या रानातली काडीबी भाईर न्ह्यायची न्हाई."

"अगं, ती माझ्या अब्बांनी दिलीय!"

"दिली आसंल. आता ती देवीची. चल, मी हाय."

काय करणार! आधी तिचा खांदा धरला, मग नुसतं बोट, आणि ओढ्यापलीकडे तर हसिनाच्या मागे चक्क पळाले! पाय असाच अधू राहील, काठी सुटणार नाही, असं इथले डॉक्टर म्हणाले होते. ते तुम्हाला मुद्दामच कळवलं नव्हतं.

अम्मीचा खोकला कसा आहे? शेळी व्याली का?

आज भाकरी थापताना एकदम आठवलं. सारजाबाईनंही आपली काठी माझ्या काठीशेजारीच ठेवली होती. येताना ती मात्र तिच्या हातात होती.

तुमची, धडधाकट,
खुर्शीदा