अकरा जीबीचे चाळीस केबी

७ जून, शनिवार. अमरावती.
आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. पुढेमागे कुणी विचारलंच की हे सगळं तुम्हाला सुचलं कसं, तर तारीखवार सांगता यावं, एवढ्यासाठी.

बायको, दीक्षा, आज मेळघाटातल्या सेमाडोहहून घरी आली. तिथल्या शाळेवर ती शिक्षिका. पहिलीतली पोरं घरी कोरकू बोलतात, पुस्तकातलं मराठी त्यांच्या डोक्यावरून जातं. म्हणून बाईसाहेबांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी तिथेच काढली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाईंना समोर बसवून कोरकूत धडे आणि गोष्टी सांगून घेतल्या, मोबाईलवर व्हिडिओ केले. एकूण अकरा जीबी. शाळेत टीव्ही आहे, त्याला जोडलेला एक छोटा कॉम्प्युटर आहे, आम्ही त्याला डबा म्हणतो. नेटवर्क नाही. २३ तारखेला शाळा उघडते, त्या दिवशी गावासमोर हे धडे लागले पाहिजेत. मैनाबाई स्वतःला टीव्हीवर बघायला सासूला घेऊन येणार आहेत.

धडे भरून त्या डब्यात घालायचं मेमरी कार्ड तयार करायचं काम माझ्याकडे आलं आहे. योग्य माणसाकडे आलं.

८ जून, सकाळी.
व्हिडिओ लॅपटॉपवर घेतले. दीक्षा म्हणाली, मोबाईलमधले तसेच राहू देऊ का? मला वाईट वाटलं. अकोल्याच्या क्लासमध्ये बारा वर्षं कॉम्प्युटर शिकवतो आहे मी. तसं तिला सुनावलं. तिने मुकाट्याने मोबाईल रिकामा केला.

निश्चय: कार्डावर नुसती कॉपी-पेस्ट करणार नाही. ते कुणीही करतं. मी इमेज बनवणार. म्हणजे फोल्डर, त्याच्या पोटातले फोल्डर, त्यातल्या फाईली, सगळं एका फाईलीत बसवायचं, आणि डब्याने ती एक फाईल अख्खी डिस्क समजून उघडायची. माऊस नाही. काळ्या खिडकीत कमांड लिहायची. टूलचं नाव नीट उच्चारता येत नाही, मी त्याला स्क्वॉश म्हणतो. ते फाईली दाबून लहानही करतं.

१० जून. अकोला.
विपुलला सांगितलं. चूक झाली. हा आमच्या क्लासमध्ये टॅली शिकवतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत ठेवतो. म्हणाला, "सर, सरळ कॉपी करा ना. कावून डोकं खपवून राहिले?"
आलूपोंगा खाल्ला, त्यालाही दिला. मोठेपणा आपल्यातच असावा लागतो.

११ जून. अमरावती.
फोल्डरांची रचना केली. पहिली, भाषा, गणित, गोष्टी. फोल्डरांचं झाड उत्तम झालं. त्यात व्हिडिओंच्या प्रती टाकायला घेतल्या तर लॅपटॉप भरला. म्हणतो, जागा नाही. सिनेमे आहेत, पण ते उडवण्यासारखे नाहीत.

रात्री जेवताना युक्ती सुचली. प्रती कशाला? प्रत्येक ठिकाणी खऱ्या व्हिडिओचा नुसता पत्ता ठेवायचा. लिंक म्हणतात त्याला. नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की लॅपटॉपवरचा मूळ व्हिडिओ लागतो. जागा लागत नाही जवळजवळ. विपुलला सात जन्मांत सुचलं नसतं.

१३ जून.
तीनदा कमांड चालवली. इमेजमध्ये प्रत्येक धडा तीनदा दिसतो. टूलमध्ये दोष आहे. दीक्षाने विचारलं, त्याची माहिती कुठे लिहिलेली नसते का? असते. लांबलचक असते. पुस्तक वाचून पोहायला शिकणारा मी माणूस नव्हे. जुनी इमेज पुसली, पुन्हा चालवली. आता एकेकदाच दिसतो. दोष मी दुरुस्त केला.

१५ जून, रविवार, सकाळी साडेअकरा.
झाली. इमेज झाली. आकार: चाळीस केबी.

पुन्हा पाहिलं. चाळीस केबीच. अकरा जीबीचे चाळीस केबी. कमांडमध्ये दाबण्याचा जो पर्याय मी अंदाजाने टाकला होता, त्याने ही किमया केली. इमेज लॅपटॉपवरच उघडली, एकेका धड्यावर क्लिक केलं. सगळे लागले. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. दीक्षाला बोलावून दाखवलं. मैनाबाई कोल्ह्याची गोष्ट सांगत होत्या. दीक्षाचे डोळे भरून आले. मला म्हणाली, "तुमी खरंच केलं हो." लग्नानंतर असं पहिल्यांदाच म्हणाली असेल. गिला वडा आणला सगळ्यांसाठी.

कार्डावर कॉपी करायला घेतली तर बटण दाबेपर्यंत झालीसुद्धा.

१७ जून. अकोला.
विपुल म्हणतो, चाळीस केबीत पासपोर्ट साईज फोटो मावत नाही, मैनाबाई कशा मावल्या? म्हणतो, सर, डब्यावर लावून पाहा एकदा. डबा सेमाडोहला भिंतीवर ठोकलेला आहे, एवढंही त्याला कळत नाही. आणि जे माझ्या लॅपटॉपवर चालतं ते चालतंच. नवं काही केलं की माणसं आधी हसतात. हसू दे. आता अख्ख्या मेळघाटच्या शाळांना मी कार्डं देणार. विपुलला एकही नाही.

१९ जून. अमरावती.
या शोधावर व्याख्यान द्यायचं ठरवलं. आधी स्वतःचं रेकॉर्डिंग करून पाहावं म्हणून बसलो तर पुन्हा तेच, जागा नाही. मग लक्षात आलं, अकरा जीबीचे मूळ व्हिडिओ उगाच अडून बसले आहेत. कार्डावर सगळं आहेच. उडवले. कचरापेटीही रिकामी केली. काम नेहमी पूर्ण करावं. मग दोन तास बोललो. छान झालं. मधे एकदा खोकला आला, तो काढता येईल.

२१ जून.
दीक्षाने दोनदा विचारलं, कार्ड नीट आहे ना. मी म्हटलं, विश्वास नसेल तर विपुलला ने. मग नाही विचारलं. उद्या दोघांनी परतवाड्यामार्गे निघायचं. इस्त्रीचा शर्ट घालणार. बोलायला सांगितलं तर थोडकंच बोलणार.

२३ जून, सोमवार. सेमाडोह.
हॉल भरलेला. मैनाबाई नव्या लुगड्यात, शेजारी सासू. कार्ड डब्यात घातलं. पडद्यावर यादी आली. प्रत्येक धड्याचं नाव, खाली मैनाबाईंचं नाव. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहून थोडं वाकलो.

दीक्षाने कोल्ह्याच्या गोष्टीवर दाबलं. फाईल सापडत नाही. दुसरीवर दाबलं. सापडत नाही. मी पुढे होऊन शेवटपर्यंत सगळ्या दाबल्या. म्हटलं, डब्याचा दोष आहे. वायर हलवली. टीव्हीचा दोष आहे. म्हटलं, जंगलातल्या हवेने होतं असं कधीकधी. मग कार्ड माझ्या लॅपटॉपला लावलं, सगळ्यांना बघता येईल असं. तिथेही सापडत नाही.

मैनाबाईंनी दीक्षाला हळूच विचारलं, माझा आवाज चांगला आला नाही का मॅडम? मी ऐकलं. दीक्षाने त्यांचा हात धरला आणि पोरांना खिचडीला पाठवलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२४ जून. अमरावती. एकटाच परत आलो.
इमेज तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. हे लिहून ठेवतो. मी तिला पत्ते दिले, तिने पत्ते सांभाळले. एकही पत्ता चुकलेला नाही. त्या पत्त्यांवर राहणारे मी १९ तारखेला उडवले, हा भाग वेगळा.

उडवलेलं परत आणायचं टूल असतं. चालवलं. ज्या जागी मैनाबाई होत्या त्या जागी माझं व्याख्यान बसलं आहे. ते उत्तम वाजतं. खोकल्यासकट.

विपुलने फोन करून विचारलं, कसं झालं? म्हटलं, यादी सगळ्यांना फार आवडली. फोन ठेवल्यावर लाज वाटली. आजपर्यंत अशी वाटली नव्हती.

संध्याकाळी दीक्षाचा फोन. रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "मैनाबाई पुन्हा सांगतो म्हणते. तिले सगळं पाठ हाये. रविवारी या. माईक धरायले माणूस पाह्यजे."
विचारलं, आणि कार्ड? म्हणाली, "कार्डाचं मी पाहीन."

२९ जून, रविवार. सेमाडोह.
सकाळपासून मैनाबाईंसमोर माईक धरून बसलो. त्यांनी कोल्ह्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, पहिल्यापेक्षा जास्त रंगवून. हात अवघडला, खाली घेतला नाही. मधे एकदाच राहवलं नाही. व्हिडिओ नंतर दाबून लहान करता येतील, एवढंच हळू आवाजात सुचवलं.

दीक्षाने रेकॉर्डिंग थांबवलं. म्हणाली, "तुमी बोलू नका. तुमचा आवाज येऊन राहिला."

मैनाबाईंनी गोष्ट पुन्हा सुरू केली. मी माईक धरला.