पहिल्या पायरीवरची पाटी

९ मार्च, सोमवार

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे अधूनमधून कुरकुरतात, माझं तोंड कायमच कुरकुरतं. नातीला दात आला का, कळव.

काल आपल्या आर्किटेक्ट साहेबांचं घर बघून आलो. हो, तेच, जिथे आपण दोघांनी दोन वर्षं रंधा मारला. साहेब गेल्यापासून लोक ते तिकीट काढून बघतात. मीही काढलं. ज्या घराची दारं मी बसवली, त्यात शिरायला तिकीट! बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या आणि कठड्याला हात लावू नका म्हणाले. कठडा माझ्या हातचा.

माहिती सांगणारी बाई हुशार, पण एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. जिन्यापाशी म्हणाली, ही पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं बुटकी आहे, घर माणसाला अलगद उचलून घेतं. वीस माणसांनी माना डोलावल्या. एक जण तर डोळे मिटून चढला. मला हसू आवरेना.

मग तिने भिंतीवरची पितळी पाटी दाखवली. साहेबांनी म्हातारपणी वहीत लिहून ठेवलंय म्हणे, की ही चूक करणाऱ्या सुताराला मी रागाने काढून टाकलं, आज घरात मला सगळ्यात प्रिय हीच पायरी आहे. खाली तुझं नाव.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तू गेल्यावर मी वीस वर्षं साहेबांकडे राबलो. अख्ख्या घरात माझ्या नावाचं एक अक्षर नाही. जळलो रे, अगदी आतून जळलो.

न राहवून बोलून गेलो, "ही पायरी माझी आहे."

बाईने शांतपणे विचारलं, "मग काम त्यांचं का गेलं?"

सगळे वळून बघायला लागले. मी बुटावरची पिशवी सारखी करायला खाली वाकलो.

उत्तर तुला देतो. जिन्याचं माप मी घेतलं होतं. खाली फरशी बसायची बाकी होती, तिची जाडी धरायला मी विसरलो; फरशी बसली आणि पहिली पायरी तेवढी बुटकी झाली. साहेब तापले तेव्हा एवढंच म्हणालो, की टेपचं खालचं टोक धाकट्याने धरलं होतं. खोटं नव्हतं, म्हणून जीभ अडखळली नाही. टोक आपल्याच हातून सरकलं असं तू धरून चाललास आणि पुन्हा रंधा उचलला नाहीस. गोदामात जन्म काढलास. धाकट्या, टेप सरकली नव्हती. तुझा हात माझ्यापेक्षा सरस होता, तेही मला तेव्हा खुपायचं.

पस्तीस वर्षं लाजेपायी जे तोंडातून निघालं नाही, ते एका पाटीच्या हेव्यापायी निघालं.

मी तुझ्याबरोबरचा सुतार असणार हे ओळखून निघताना बाईने तुझा पत्ता मागितला, त्यांना तुझा सत्कार करायचाय. ठाऊक नाही म्हणालो. हे पत्र टाकलं की तिथे जाऊन पत्ता देतो. तू ये. चार लोकांसमोर खरं सांग, चूक कोणाची आणि लबाडी कोणाची. पाटीवर माझं नाव येईल, लोक थुंकतील. तरी सांगतो, नाव आलेलं मला आवडेल. इतका वाईट आहे मी.

भाऊ म्हणायचं की नाही ते तू ठरव,
तुझा दादा