फळा पुसणार नाही

१२ सप्टेंबर ८३
आज फळ्यावर तीन बातम्या. वडाळ्याच्या मिठागरात भराव घालायची बोलणी चाललीत. कांदा परत चढला. गिरगावात एका दुकानात काचेआड रंगीत टीव्ही लावलाय, बघायला फुटपाथभर माणसं. गिरणी संपाची बातमी शोधून सापडली नाही. विसावा महिना चालू आहे आणि पेपरवाले आम्हाला सिनेमाच्या जाहिरातींखालीसुद्धा टाकेनात. म्हणून शेवटची ओळ माझी: ‘संप चालू आहे. मिटला असं ज्यांना वाटतं त्यांनी लालबागला येऊन बघावं.’

अक्षर बरं म्हणून नाक्यावरचा फळा अकरा वर्षं माझ्याकडे. पूर्वी पाळी सुटल्यावर लिहायचो. आता काय, वेळच वेळ.

१९ सप्टें.
मंगल कपडे वाळत घालताना म्हणाली, “आता धुरान काळे होनत नाय. बरा दिसता.” मग गिरणीच्या चिमणीकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून एकवीस वर्षं त्या धुराला शिव्या घातल्या तिने.

वाचनालयात एक जण पेपर पुढे करून म्हणे, गिरण्या बंद पडल्या तशी मुंबईची हवा सुधारली. सुधारली की. फळ्यावर लिहिलं: ‘हवा सुधारली आहे. ज्यांच्या घरी चूल पेटली नाही त्यांनी ती पोटभर घ्यावी.’ संध्याकाळी कुणीतरी खाली ‘बरोबर’ असं लिहून गेलं.

२७ सप्टें.
आमच्या गिरणीचा टाइमकीपर पेडणेकर नाक्यावर भेटला. त्याला अजून पगार आहे, म्हणून जगाची काळजी आहे. “जमाना बदलला दत्ताराम. माग भिवंडीला गेले. नवं तंत्र आलं.”

मी म्हटलं, “माग पायांनी चालत गेले काय साहेब? कोणी नेले ते सांगा, फळ्यावर लिहितो.”

घड्याळ बघून निघून गेला. जुनी सवय.

६ ऑक्टो.
भोंगा झाला.

सकाळी दहाच्या सुमारास. आमच्याच गिरणीचा, दुसरा कुठला नाही, झोपेत ओळखीन. हातातला चहा सांडला. गॅलरीत सगळी बाहेर. पहिल्या मजल्यावरचे गणूकाका, चाळीस वर्षं साचेखात्यात मागावर काढलेला माणूस, भिंतीला धरून उभे. रडत होते.

मी सरळ फळ्याकडे. मंगल मागून म्हणाली, “धा वाजता खयची पाळी? आदी बगून येवा, मगे लिवा.” तिच्यावर खेकसलो. लिहिलं, मोठ्या अक्षरात: ‘भोंगा झाला. उद्यापासून पहिली पाळी.’ दसरा दहा दिवसांवर. मालकाला पूजेआधी गिरणी चालू करायची असणार, असं मीच माझं ठरवलं. पक्कं.

७ ऑक्टो.
लिहवत नाही. तरी लिहितो.

पावणेसातला गेटवर दोन-तीनशे माणसं. डबे घेऊन. बरेच जण तर झेंडूच्या माळा घेऊन आलेले, दसऱ्यापर्यंत कोण थांबतंय, आपल्या मागाला आजच घालू म्हणून. गणूकाकांच्या हातात नारळ. दरवानाने गेट उघडलंच नाही. म्हणाला, “कसली पाळी? कोणी सांगितलं तुम्हाला?”

“फळ्यावर लिहिलंय.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. शिवी कोणी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एकेक करून माळा गेटच्या सळ्यांना अडकवून निघून गेले.

९ ऑक्टो.
दोन दिवस फळा कोरा. नाक्यावर माझ्याशी कोणी बोलत नाही. हसतात तेवढे.

फळ्याखाली वरळी कोळीवाड्याची पार्वती टोपली घेऊन बसते. तिला वाचता येत नाही, रोज माझ्याकडून बातम्या ऐकते. आज म्हणाली, “तोंड लपवून किती दिस फिरशील भाव? माझी मासली नासली तर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. तू पन सांग की.”

हिला कोणी शिकवलं हे? मला एवढी अक्कल पन्नाशीत नाही.

१० ऑक्टो.
लिहिलं: ‘गुरुवारची बातमी खोटी होती. न विचारता, न बघता लिहिली. चूक माझी. दत्ताराम, खोली ३४.’ अकरा वर्षांत फळ्यावर नाव घातलं नव्हतं. अक्षर बिघडू दिलं नाही.

११ ऑक्टो.
तळमजल्यावरचा सावळाराम, बॉयलरवरचा फायरमन, बराच वेळ ते नाव वाचत उभा होता. मग मला नळामागे घेऊन गेला. “दत्ता, भोंगा मी वाजवला.”

दोन दिवसांचं काम म्हणून त्याला मागच्या दाराने बोलावलं होतं. संपात आत गेला म्हणून कोणाला बोलला नाही. बॉयलर पेटवून दाखवायचा होता, बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला. गिऱ्हाइकाने विचारलं, भोंगा वाजतो का. “मी दोरी ओढली रे. इतक्या दिवसांनी ओढली, सोडवेना.”

गिऱ्हाइकाला माल पसंत पडला. शुक्रवारी ट्रेलर येणार.

माग विजेवर चालतील, पण बॉयलर नाही तर वाफ नाही. वाफ नाही तर सुताला खळ लागत नाही, रंगखातं बंद. उद्या संप मिटला, सगळं मान्य झालं, तरी आत जाऊन करायचं काय?

१२ ऑक्टो.
लिहिलं: ‘बॉयलर विकला. शुक्रवारी नेणार. गेला तर गिरणी पुन्हा चालू होणार नाही. सकाळी आठला गेटवर या.’

वाचून माणसं हसतात. “परवा पाळी चालू केलीस, आज बॉयलर विकलास. उद्या काय, चिमणी उडवतोस?” त्यांच्या जागी मीही हसलो असतो.

दुपारी पेडणेकर घरी आला, पहिल्यांदाच. मंगलने चहा दिला. म्हणाला, “दरवानाची जागा आहे. तुझ्यासाठी शब्द टाकलाय. फळा तेवढा पुसून टाक. नाहीतरी कोण विश्वास ठेवतंय?” खोटं कशाला लिहू, क्षणभर मोह झाला. मंगलकडे बघितलं. तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला, अर्धा भरलेला.

मी म्हटलं, “साहेब, विश्वास कोणी ठेवत नाही तर पुसायची घाई का?”

१३ ऑक्टो.
फळ्यावर डांबर फासलंय. मंगल नि मी रॉकेलने दोन तास घासलं. निघत नाही.

पण एक झालं. जे काल हसत होते ते थांबून बघत होते. खोट्या बातमीला डांबर कोण फासतं?

सावळारामला म्हटलं, उद्या गेटवर चल आणि सगळ्यांसमोर सांग. तर म्हणे, “लोक मला गद्दार म्हणतील.” “मला चार दिवस गाढव म्हणतायत,” मी म्हटलं, “मी मेलो नाही.” दार लावून घेतलं त्याने.

१४ ऑक्टो., गेटसमोर बसून
आठला मी आणि मंगल. दोघंच. दरवान आमच्याकडे बघून आपला विडी ओढतोय. नऊला ट्रेलर आत गेला, हा लांबलचक. पार्वती टोपली घेऊन आली, शेजारी बसली, म्हणाली आज इथेच विकते.

मग माणसं यायला लागली. बसायला नाही, बघायला. समोरच्या फुटपाथवर उभी. मी ओरडून सांगितलं तर कोणी हललं नाही. माझ्या शब्दाची किंमत मीच घालवलेली, कोणाला बोलू.

अकराला सावळाराम आला. कोणाकडे न बघता गेटसमोर उभा राहिला आणि घसा फाटेस्तोवर म्हणाला, “भोंगा मी वाजवला. बॉयलर विकायला मी पेटवून दिला. मला काय म्हणायचं ते म्हणा. त्याला आत्ता आत साखळ्या लावतायत, दत्ताराम खरं लिहितोय.”

कोणीतरी त्याच्या कानाखाली मारली. त्याने मार खाल्ला आणि तिथेच खाली बसला. ज्याने मारली तोही बसला.

एकला गेटसमोर रस्ता दिसत नव्हता. माणसंच माणसं.

दोनला फौजदार साहेब आले. चांगलं बोलले. म्हणाले, मालकाचा माल आहे, चारपर्यंत वाट मोकळी करा, नाहीतर उचलावं लागेल. गणूकाका म्हणाले, “उचला. माझं वजन फार नाही.”

गेटच्या आत ट्रेलर उभा आहे, वर ताडपत्रीत बांधलेला बॉयलर. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. आम्ही साचेखात्यातले, जवळून कधी बघितलाच नव्हता.

पावणेचार. ट्रेलरने इंजिन चालू केलं. वळणावर पोलिसांच्या दोन व्हॅन दिसतायत. वही मंगलकडे देतो म्हटलं तर म्हणते, “माका कित्याक? मीय हयच बसलंय.” मग पार्वतीच्या टोपलीखाली सरकवतो.

उठणार नाही.