हिरव्या दगडातली पांढरी रेघ

मंगळ., ७ फेब्रु. २००६
आधी दुरुस्ती. २० जाने.च्या पानावर ‘लिंबू टाकलं, कुठेच फेस नाही’ असं लिहिलंय. खोटं आहे. मार्बलमध्ये चुना असतो, तो लिंबाने फेसाळतो; हिरव्या भागावर फेस आला नाही, एवढंच खरं. म्हणून मी शेडमधूनच, आमचं कस्टमचं काम बघणाऱ्या दळवीकाकांना ओरडून सांगितलं, “मार्बल नाही.” मग दुसरा थेंब पांढऱ्या रेघेवर ओघळला आणि बारीक बुडबुडे आले. ओढणीने पुसले. काका फोनवर माझाच शब्द पुढे सांगत होते. मागे घ्यायची लाज वाटली. त्या दिवशी वहीलाही खरं सांगितलं नाही.

बुध., ८
परदेशातून आणलेल्या दगडाला मार्बल म्हटलं तर परवाना लागतो. आमच्याकडे नाही. ‘दुसरा दगड’ म्हटलं की सुटतो. तसाच सुटला. कस्टमच्या कागदावर सही काकांची. सही करताना म्हणाले होते, “आमच्या लॅबवाल्या बाई म्हणतील तो दगड.” बाई म्हणजे मी.
आता त्याच दगडाची दुसरी खेप गोदीत अडवलीय. कस्टमच्या साहेबांना शंका आहे. पहिल्या खेपेतला तुकडा मागितलाय, प्रयोगशाळेत पाठवायला.

गुरु., ९
शेठ उल्हासनगरच्या ऑफिसातून मुद्दाम आनंदनगरच्या शेडमध्ये आले. “बेटा, ग्रीन ग्रीन काटके दे. लाइनवाला पीस क्यूं भेजना? तू तो घर की है.”
मान हलवली. का हलवली?
जेवले नाही.

शुक्र., १०
एक तुकडा बदलापूरला घरी आणला. बाबांनी बावीस वर्षं फरशी पॉलिश केली, दगड ओळखायला मला त्यांनीच शिकवलं. आता चार पायऱ्या चढले तरी थांबतात. त्यांनी तुकडा ओला केला, अंगठा फिरवला आणि थेट रेघेवर लिंबू पिळलं.
“रेघ आधी बघायची. हे कुणाला कळलं नाही?”
“नवीन मुलगी आहे एक.”
“मग तिला सांग, कबूल करून टाक. कामावरून काढतील, एवढंच.”
एवढंच. घरात पगार माझा एकटीचा. ती मुलगी मीच, हे त्यांना कळलं असेल का? डोळ्यांकडे बघवलं नाही.

रवि., १२
विहारात वंदना. चौथ्या शीलाला आवाज फुटेना. खोटं बोलणार नाही, हे म्हणायचं कसं? आईने कोपर मारलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “घसा बसलाय का गं? काढा देते.”
काढा प्यायले. तेही खोटंच.

सोम., १३
काकांना सांगितलं. सगळं, ओढणीसकट. डबा खात होते, अर्धी पोळी तशीच ठेवून झाकण लावलं.
“सही करायच्या आधी का नाही बोललीस?”
“लाज वाटली, काका.”
“माझं कस्टमचं कार्ड जाईल, प्रज्ञा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझी.” मग डबा पिशवीत टाकत, “शेठ सांगतो तसं कर. मला तू काही बोलली नाहीस.”
रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना रोजच्यासारखं “सावकाश जा गं” म्हणाले. स्टेशनपर्यंत रडत गेले.

मंगळ., १४
दोन्ही तुकडे टेबलावर आहेत. शेठने कापून घेतलेला, नुसता हिरवा. आणि रेघेचा. वर्तमानपत्रात गुंडाळले तर वजनाला सारखेच वाटतात.
तपासणारे म्हणे दगडात चुना किती ते बघून ठरवतात. कदाचित ‘मार्बल नाही’ हेच बरोबर निघेल. कदाचित काका घरी बसतील, मीही. पण ठरवायला रेघ त्यांच्यापुढे तर गेली पाहिजे.
काकांसोबत गोदीत मीही येते म्हटलं. त्यांनी अडवलं नाही. रेघेचा तुकडा माझ्या हातात असेल. साहेबांना २० जाने.चं सगळं माझ्याच तोंडाने सांगायचं, काकांचं नाव येण्याआधी. वाक्य तीनदा लिहून खोडलं.
उद्या. बुधवार, १५ फेब्रुवारी, सकाळी अकरा.