बांध तेवढा माझा

६ जुलै
सईनं तिची अर्धी उरलेली वही दिली. म्हणाली, "आजी, दिवसभर बोलतेस ते यात लिही, माझे कान वाचतील." नात नाही, विळी आहे नुसती. मी चौथी पास. चार ओळींत हात भरून आला, पण गंमत वाटतेय.
कॉलेजनं तिला काम दिलंय, शेताच्या बांधावर आपोआप काय काय उगवतं ते मोजायचं. म्हटलं, बाई गं, हे आधी सांगायचंस! माझं माहेर धायरीचं, भावाचं शेत अजून आहे तिथं. वडील, अण्णा, गेले तेव्हा हक्कसोडीवर सही केली मी (अंगठा नाही, सही), सगळी जमीन दत्ताला सोडली. एवढंच म्हटलं, डोंगरापासून रस्त्यापर्यंतचा लांब बांध तेवढा माझा समज. नांगरू नको, तण मारायचं औषध मारू नको. आईनं आम्हाला त्या बांधावरच्या भाज्यांवर वाढवलंय. दत्ता म्हणाला होता, "तुझाच हाय त्यो, आक्के."
दूध उतू गेलं. पुरे.

१२ जुलै
कर्वेनगरहून रिक्षानं धायरी. गुडघा कुरकुरला, मी नाही. सई दोरीचा चौकोन टाकते नि आतलं एकेक रोप बघते. नावं मी सांगायची. डोंगराकडच्या टोकाला कुरडू, टाकळा, केना, घोळ, आघाडा, भुईआवळा... बोटं पुरेनात. ती प्रत्येकाचं इंग्रजीतलं लांबलचक नाव लिहिते. एवढ्याशा केन्याला एवढं नाव! बारशाला कोण होतं कोण जाणे.
खाली रस्त्याकडे मात्र हराळी नि गाजरगवत. बस. तीन चौकोन टाकले, तेच. दत्ता म्हणाला, "पाऊस कमी, आक्के."
असेल.
कुरडू लसूण घालून परतली. सूनबाईनं दोनदा वाढून घेतली, तोंडानं "बरी झालीय". पुण्यातली ना.

९ ऑगस्ट, राखी
दत्ताला राखी बांधली. खालच्या टोकाचं परत विचारलं, पाऊस दोन्हीकडे सारखाच की रे? तर राखीचाच हात वर करून म्हणाला, "औषध मारलं असंल तर माझ्या हाताला..." तोंडावर हात ठेवला मी त्याच्या. सणासुदीला अभद्र कशाला.
सईच्या कॉलेजच्या बाई बांध बघायला येणार आहेत, सांगितलं. केवढा खूश! "आपला बांध बघाया? मोटारीनं?"
वहिनीच्या नारळीभातात गूळ जास्त. मी दोनदा घेतला.

१४ सप्टेंबर
बाई आल्या. बांध वरपासून खालपर्यंत पिवळा. कुरडूनं माना टाकलेल्या. टाकळा हातात धरला तर भुगा. सई दोरी घेऊन तशीच उभी.
दत्ता धुवट टोपी घालून पुढं. "पाव्हण्या येनार म्हनून साफ करून घेतलं. येवढं गवत बघून म्हनल्या असत्या, आळशी शेतकरी हाय."
मी हसले. खरंच हसू आलं. पाहुण्यांसाठी घर झाडतात तसा बांध झाडला होता वेड्यानं.
मग स्वयंपाकघरात वहिनी कप विसळता विसळता म्हणाली, "दरवर्षी निम्म्यापातुर औषध मारत्यात, आक्का. यंदा तुमच्या पाव्हण्यांपायी पार डोंगरापातुर मारलं."
"दरवर्षी?"
"पालक-कोथमीर लावाया लागलो तवापास्नं. जुडीत गवताची काडी घावली तर व्यापारी माल माघारी धाडतो."
चहा तसाच ठेवून आले.

१५ सप्टें.
बांध जळाला ते एक. पण राखीचा हात वर केला होता त्यानं.
आत्ता आठवतंय, गेल्या हिवाळ्यात मी खालच्या टोकाला पाथरीची भाजी खुडायला वाकले तर दत्तानंच हात धरला. "ती नगं, कडू हाय. वरची घे." घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, भाऊ किती जपतो मला.
जपलंच म्हणा. विष खाऊ दिलं नाही.

२ ऑक्टोबर
दत्ताचे फोन येतात. घेत नाही. सई म्हणते, वरचं टोक परत उगवेल. डोंगर लागून आहे, वारा, पाखरं, शेळ्या बी आणतात. खाली एका अंगाला सोसायटीची भिंत, दुसऱ्या अंगाला वर्षभर पालकच पालक. बी येणार कुठून? औषध थांबवलं तरी आपण नेऊन टाकायला हवं.
म्हणजे पोरींसारखंच की. माहेर जवळ असलं तर सावरते.
सईनं डोंगरावरून कुरडूचे तुरे आणले. मी चोळून बी काढलं. काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक. पेपरची पुडी केली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सकाळपासून तीन फोन. तिसरा घेतला. "आक्के, येतीयास न्हवं? मोरपंखी साडी आणलीया." बांधाचं एक अक्षर नाही.
नाही जायचं ठरवलं होतं. पण पहाटेच उठून ताट काढलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. पुडीही ठेवली.
ओवाळीन. तो ताटात साडी ठेवेल. ती मी उचलणार नाही. पुडी त्याच्या हातावर ठेवीन नि म्हणीन, हे माझं बी, बांध माझा, चल खालच्या टोकाला. आत्ता.
आला तर आला. पण परत हात वर करून शपथ घ्यायला लागला तर? मागच्या खेपेला तोंडावर हात ठेवला होता मी. या खेपेला...
सई खालून हाका मारतेय, रिक्षा आलीय. वात घालायची राहिलीच.